टाक्यातलं पोहणं : आमच्या गावात उन्हाळी वर्ग कसा उभा राहिला

आमचं गाव मोर्शी तालुक्यातलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. तरण तलाव पाहायचा तर अमरावती गाठावी लागते, एसटीने दीड-दोन तास. तरी २०२५ च्या उन्हाळ्यात गावातच लेकरांचा पोहण्याचा वर्ग झाला, बायांचा पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग झाला, आणि उन्हाळा संपल्यावरही सकाळचा व्यायाम चालूच राहिला. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून फोन येतात की ताई परवानगी कोणाची घेतली, पाणी कुठून आणलं, एखादं लेकरू बुडालं असतं तर कोणाच्या अंगावर आलं असतं. फोनवर एवढं सगळं सांगणं होत नाही म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

आधी कारण सांगते. बाहेरच्यांना वाटते यांच्याकडे पाणीच नाही तर पोहणं कशाला, पण संत्रा जगवायला आमच्याकडे ठिकठिकाणी शेततळी झाली आहेत, २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळं योजना आली तेव्हापासून तर जास्तच. त्यात ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरलेलं असते, ते ओलं झालं की पाय टिकत नाही, काठ तिरपा, धरायला काहीच नाही. विहिरीत पडलेल्याच्या हाती निदान कपारीचा दगड, पाइप, दोर असं काहीतरी लागते, शेततळ्यात मात्र पोहता येणारा मोठा माणूससुद्धा वर चढताना घसरून घसरून थकतो. आमच्या वडलांच्या पिढीने पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहणं शिकून घेतलं, आता मे महिन्यात विहिरींना पाणी राहत नाही. म्हणजे पोहणं शिकायची जागा गेली अन् बुडायची जागा वाढली. शेजारच्या गावात दोन सख्खे भाऊ असेच गेले, माझा मुलगा त्यातल्या मोठ्याच्या वयाचा. त्यानंतर लेकरांना संगं शेतात न्यायची भीती वाटायची आणि घरी ठेवली तर भर दुपारी कुठे जातात याची भीती.

त्या दिवसांत मी मोबाइलवर बरंच वाचत होते. जागतिक आरोग्य संघटनेने बुडण्यापासून बचावाचे जे उपाय सांगितले आहेत त्यात सहा वर्षांवरच्या लेकरांना पोहणं आणि पाण्याजवळ कसं वागायचं हे शिकवणं आहे. आणि बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचा मांडव ठोकून शिकवतात, तिथलं ध्येय छोटं आहे, २५ मीटर पोहता यावं आणि ३० सेकंद तरंगता यावं, एवढंच. शर्यत नाही, मेडल नाही. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्याला तरण तलाव नको, कमरेइतकं स्वच्छ पाणी पाहिजे. ते माझ्या चुलत दिराच्या शेतात होतंच, सिमेंटचं टाकं, ३० बाय २० फूट. बोअरचं पाणी त्यात पडते आणि संध्याकाळी ठिबकने झाडांना जाते. भाऊजींना विचारलं तर ते म्हणाले, "वहिनी, पानी त तसंबी रोज झाडालेच जाते, लेकरं त्यात खेलून गेले तर संत्र्याले काय फरक पडते?" इतकं सोपं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता कागदांचं. आमच्या बचत गटाच्या नावाने सरपंचांना लेखी अर्ज दिला, जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात. इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय यायचा असेल तर नोटीस निघायच्या आधी अर्ज पोचला पाहिजे आणि आवक रजिस्टरला नंबर पडला पाहिजे, तो नंबर आपल्या कॉपीवर लिहून घ्या. आमची २६ तारखेची सभा कोरम न झाल्याने तहकूब झाली (मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल तेवढे लागतात). तहकूब सभेला कोरमची अट राहत नाही पण त्यात नवीन विषय घेता येत नाही, जुन्याच नोटिशीतले चालतात. आमचा विषय नोटिशीत होता म्हणून वाचला, तोंडी सांगून ठेवला असता तर थेट १ मेची सभा, म्हणजे अर्धा उन्हाळा गेला असता. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे ठराव आधी मंजूर करून घेतला होता त्याचाही फार फायदा झाला.

सभेत विरोध झाला आणि तो रास्त होता. एक आजोबा उठून म्हणाले, "प्याले पानी नाई अन् तुमी पोहाले चालल्या काय?" आमच्या भागातलं भूजल किती खाली गेलं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावंच लागते. भाऊजींनी उभं राहून सांगितलं की एक थेंब जादा उपसणार नाही, बोअर जेवढा चालतो तेवढाच चालेल, टाकं साडेतीन फूट भरलं की साधारण ६० हजार लिटर होते, ते बागेला लागतेच, फक्त सकाळच्या वर्गाआधी भरायचं आणि संध्याकाळच्या वर्गानंतर सोडायचं असा वेळ बदलायचा. मग दुसरा प्रश्न आला, "पोट्टं बुडालं तं कोन जबाबदार?" यावर शिकवणारं कोणी मिळायच्या आधीच आम्ही नियम लिहून नेले होते ते वाचून दाखवले. दहाच्या वर लेकरं एकावेळी पाण्यात नाही, दोन मोठी माणसं पाण्यात आणि एक माणूस काठावर शिट्टी घेऊन, त्याचं काम फक्त पाहणं, त्याच्याजवळ मोबाइल नाही. ठराव झाला. विरोध करणाऱ्या आजोबांनी नंतर त्यांच्या नातीचं नाव दिलं.

फेब्रुवारी सगळा सह्या गोळा करण्यात गेला. भाऊजींचं संमतीपत्र स्टॅम्पवर केलं, आता १०० चा चालत नाही, ५०० चा घ्यावा लागतो. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वेळेत, आणि वर्ग नसताना टाक्याला कुलूप कोणाचं हे सगळं स्पष्ट लिहिलं. प्रत्येक लेकरामागे आई आणि वडील दोघांची सही घेतली, एकाची घेतली की दुसरा नंतर भांडायला येते असं आशाताईने आधीच सांगून ठेवलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी झाली, तिथे केस पेपरला पैसे लागत नाहीत, पण ओपीडीच्या गर्दीत तीस लेकरं एकदम नेली तर डॉक्टरही वैतागतात आणि लेकरंही, म्हणून आधी भेटून वार ठरवून घ्या. फिट येणारं लेकरू, हृदयाचा त्रास असलेलं आणि कान वाहणारं, यांची नावं डॉक्टरांनी वेगळी काढली. एका मुलीचा कान वाहत होता तर तिच्यावर तेव्हाच उपचार सुरू झाला आणि मे महिन्यात ती पाण्यात उतरलीसुद्धा. मोठ्या माणसांसाठी आम्ही एक अट टाकली, बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढलेला पाहिजे, वर्षाला २० रुपये कटतात आणि दोन लाखाचं अपघाती संरक्षण मिळते. बऱ्याच बायांचा आधीच होता, त्यांना माहीतच नव्हतं, पासबुकात २० रुपये कटलेले दिसले तेव्हा कळलं.

पैशाची गोष्ट सगळ्यात लांबली. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी लागते, ती खूप ठिकाणी सतरंज्या आणि खुर्च्यांवर जाते. आम्ही म्हटलं यातून प्रशिक्षकाचं मानधन द्या. सरपंचताई तयार होत्या पण तो खर्च आराखड्यात बसतो की नाही याचं मार्गदर्शन वरून मागवलं आणि तो कागद एका कार्यालयात अडकला. मार्च गेला, एप्रिल अर्धा गेला. मी आणि गटाच्या अध्यक्ष मावशी बऱ्याच चकरा मारून थकलो, कधी साहेब मीटिंगला, कधी मार्च एंडिंग, कधी फाइल टेबलावर दिसत नाही. रडू यायचं परत येताना बसमध्ये, खोटं कशाला सांगू. मग एका निवृत्त शिक्षकांनी सुचवलं की तोंडी विचारू नका, दरवेळी एक स्मरणपत्र द्या आणि मागच्या पत्राचा जावक क्रमांक त्यात टाका. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर उत्तर आलं, खर्चाला हरकत नाही. मिळाले १५ हजार, तेही वर्ग संपल्यावर बिल आणि हजेरीपट जोडून. म्हणजे हातचे पैसे आधी लागतात हे धरून चला, आम्ही गटातून उचल घेतली.

प्रशिक्षक शोधायला अमरावतीला गेलो. बायांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्ध तिकीट आहे, त्यामुळे चार जणी मिळून गेलो तरी जड गेलं नाही. तिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात शिकलेली एक मुलगी भेटली, शारीरिक शिक्षणाची पदवी आणि जीवरक्षकाचं प्रमाणपत्र दोन्ही असलेली. प्रमाणपत्र पाहूनच ठरवा, चांगला पोहणारा आणि पोहणं शिकवणारा यात फरक आहे. तिला आम्ही सगळे मॅडमच म्हणायचो. गावातल्या एका जुन्या पहिलवान काकाजींना मंडळाचं नाव ऐकून इतका आनंद झाला, ते लेकरांना जमवून सांगत बसायचे की हे मंडळ १९१४ चं आहे, यांची माणसं १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकला जाऊन आपले देशी व्यायाम दाखवून आली होती, आणि आपल्याही गावात आखाडा होता, तिथे आता समाजमंदिर आहे. मॅडमचं राहणं-जेवणं आमच्या घरी, मानधन चार आठवड्यांचे १६ हजार.

एप्रिलच्या शेवटी टाकं तयार केलं. शेवाळ घासून काढलं, आतून चुना मारला, ज्या पाइपातून पाणी बाहेर जाते त्याच्या तोंडाला जाळी ठोकली कारण ओढ असलेल्या पाइपाजवळ लेकराचे केस नाहीतर हात अडकू शकतो. विजेचं सगळ्यात महत्त्वाचं, टाक्यात मोटर ठेवायचीच नाही, आणि वर्ग चालू असताना बोअरच्या स्टार्टरचे फ्यूज काढून मॅडमच्या पिशवीत. नुसतं बटण बंद करून भागत नाही, लाइन आली की कोणीतरी सवयीने जाऊन चालू करते. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक रोज सकाळी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन किती आहे ते पाहणं) करून जायचे. बाजूने बांबू ठोकून हिरवी शेडनेट बांधली, लेकरांना सावली आणि बायांना आडोसा.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी वर्ग सुरू झाला. आमच्याकडे तेव्हा पारा ४४-४५ ला जातो म्हणून लेकरांची वेळ सकाळी सहा ते साडेआठ, तीन बॅचमध्ये. पहिले दोन-तीन दिवस पोहणं नाहीच. काठावर बसून पाय हलवणं, तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढणं, डोळे उघडणं. पालक कुरकुरले की दोनशे रुपये भरले अन् नुसते बुडबुडे काढून राहिले. मॅडम म्हणायच्या, ज्याला पाण्यात श्वास सोडता आला तो घाबरत नाही आणि जो घाबरत नाही तो तरंगते. मग उताणं तरंगणं, मग भिंतीला लाथ मारून सरळ घसरत जाणं, मग त्यात पाय मारणं. आणि एक गोष्ट त्या रोज करून घ्यायच्या, पाण्यात उडी मारली की लगेच मागे वळायचं आणि काठ धरायचा. अचानक पडलेल्या लेकराला हेच वाचवते म्हणे. बोअरचं ताजं पाणी सकाळी चांगलंच गार असते, ओठ निळे दिसले की लेकराला बाहेर काढायचं, टॉवेल आणि गुळ-शेंगदाणे देऊन उन्हात बसवायचं. माझा मुलगा पहिला आठवडा काठ सोडायला तयार नव्हता, बाकीची पुढे गेली होती आणि मला काठावर बसून फार वाईट वाटायचं, पण मॅडमने त्याला हात लावला नाही, ओढलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या मनाने सुटला, उताणा तरंगला, आणि वर पाहत म्हणाला, "आई, मला माझाच श्वास ऐकू येऊन राहिला."

बायांचा वर्ग संध्याकाळी सहाला. याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण फोन करणाऱ्या बहुतेक बाया हेच विचारतात, घरच्यांनी कसं जाऊ दिलं. पहिल्या दिवशी सहा जणी आल्या, त्यातल्या दोघी फक्त पाहायला. कपड्याचा प्रश्न मॅडमने सोडवला, सुती कपडा भिजला की जड होऊन ओढते म्हणून नायलॉनची लेगिंग आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट, मोर्शीच्या बाजारात साडेतीनशेत दोन्ही मिळाले. काचेच्या बांगड्या फुटून टाक्यात पडल्या तर लेकरांच्या पायात जातील, पण बांगड्या काढायला आमच्या सासूबाईंसकट कोणीच तयार होईना. मग इलॅस्टिकची पट्टी शिवून बांगड्यांवरून चढवली, मंगळसूत्र पिनेने टी-शर्टला आतून लावलं, आणि तो वाद तिथेच मिटला. पाळीच्या दिवसांत ज्यांना पाण्यात यायचं नव्हतं त्यांच्यासाठी काठावरचे व्यायाम होते. शेडनेटच्या बाहेर रोज आमची एक जाऊ बसायची, कोणी पुरुष त्या बाजूला फिरकत नव्हता.

पाण्यातल्या व्यायामाचं गणित मला फार आवडलं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचं जवळपास निम्मंच वजन पायावर येते, छातीपर्यंत गेलं की त्याहूनही कमी. निंदण-वेचणी करून करून गुडघे आणि कंबर गेलेल्या बाया जमिनीवर चार पावलं कुरकुरत चालतात, त्या पाण्यात गुडघा छातीपर्यंत उचलत होत्या. पाणी हळूहळू ढकलायचं, पुढे चालायचं, उलटं चालायचं, काठ धरून बसायचं-उठायचं. आमच्या अध्यक्ष मावशी साठीच्या पुढच्या, त्यांना जिना चढताना कठडा लागायचा, त्या महिन्याच्या शेवटी मला म्हणाल्या की रात्री पाय दुखून जाग येणं कमी झालं. दुखणं गेलं असं मी लिहिणार नाही, कमी झालं. आणि बायांनाही तरंगणं शिकवलंच, कारण लेकरू पडलं की आई मागचा पुढचा विचार न करता उडी घेते आणि दोघंही जातात.

म्हणून शेवटचा आठवडा पूर्ण वाचवण्याच्या सरावाला दिला, यात पुरुषांनाही बोलावलं. आधी काठी, ओढणी, फांदी लांबवायची. पोचत नसेल तर दोराला बांधलेली तेलाची रिकामी पाच लिटरची कॅन झाकण घट्ट लावून फेकायची. स्वतः उडी मारायची नाही. बाहेर काढल्यावर आपल्याकडे जे करतात, उलटं धरून फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, ते अजिबात करायचं नाही, त्यात मोलाची मिनिटं जातात आणि उलटी श्वासात जाऊ शकते. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा कारण बुडालेल्याच्या अंगातला प्राणवायूच संपलेला असते, मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने दाब, ३० दाबांमागे २ श्वास, आणि दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पुतळा आणून सगळ्यांकडून करून घेतलं. पोलीस भरतीची तयारी करणारी गावची पोरं-पोरी यात सगळ्यात पुढे होती, पाण्यात उभे राहणारे आमचे मदतनीस तेच होते.

हिशोब असा झाला. मानधन १६,०००, शेडनेट आणि बांबू ५,२००, दोर, ट्यूब, शिट्ट्या, फोमच्या पाट्या ४,८००, टाक्याची दुरुस्ती आणि जाळी ३,०००, औषधपेटी १,२००, स्टॅम्प ५००. एकूण ३०,७००. लेकरांची फी २०० आणि बायांची १०० अशी ८,६०० जमली, १५,००० ग्रामपंचायतीचे, उरलेले ७,१०० गावातून वर्गणीने. हिशोबाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला, त्यामुळे मागून कोणी काही बोललं नाही.

जूनमध्ये पाऊस लागला, टाक्याला कुलूप लागलं, मॅडम परत गेल्या. पण सकाळी उठायची सवय लागली होती. भरतीवाली पोरं शाळेच्या मैदानावर १६०० मीटरची धाव मारतात आणि पोरी ८०० मीटरची, त्यांच्या बाजूने बाया झपाझप चालतात, काकाजी सूर्यनमस्कार घालून घेतात. मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असा व्यायाम पाहिजे असं मॅडमने सांगितलं होतं, अर्ध्या तासाचे पाच दिवस म्हणजे झालं. शेतात राबतो तर वेगळा व्यायाम कशाला हे मीही आधी ऐकलेलं, पण दिवसभर वाकून निंदणं आणि पाठ सरळ ठेवून चालणं याने अंगाला वेगवेगळं मिळते हे आता अनुभवाने कळते. पेरणीच्या दिवसांत संख्या घटली, नंतर परत वाढली.

२५ जुलैला जागतिक बुडणे प्रतिबंध दिन असते, त्या दिवशी शाळेत लेकरांनीच दोर फेकून दाखवला. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही पुढचा ठराव घेतला, तो इथे तसाच देते, ज्यांना पाहिजे त्यांनी गावाचं नाव टाकून वापरा : "गावाच्या हद्दीतील प्रत्येक अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यास मालकाने चारही बाजूंनी तळापर्यंत पोचणारा गाठी मारलेला दोर अथवा दोराची शिडी बांधावी, काठावर दोरासह एक रिकामी बंद कॅन ठेवावी व तळ्यास कुंपण करावे. याची पाहणी महिला बचत गट व पोलीस पाटील यांनी मिळून दर उन्हाळ्याच्या सुरुवातीस करावी व अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा." दोराचा खर्च एका तळ्यामागे सात-आठशे येते. आतापर्यंत निम्म्याहून जास्त तळ्यांना दोर लागले आहेत, उरलेल्यांकडे दिवाळीआधी जाणार आहोत, आणि पुढच्या मे महिन्याच्या वर्गाचा अर्ज यावेळी डिसेंबरातच देणार आहोत.